कोलोनोस्कोपीची खरी तयारी आदल्या दिवशी घरी होते

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातल्या घरात होतं: मूळव्याध. मेडिकलमधून मलम येतं, इसबगोल सुरू होतं, तिखट बंद होतं आणि बघता बघता सहा महिने जातात. पुष्कळदा ते निदान बरोबरही निघतं. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्तच पडतं, आणि मूळव्याध असलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं मुळीच नाही. तेव्हा रक्त पडत असेल, काही आठवडे शौचाची सवय बदललेली असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, किंवा हिमोग्लोबिन कमी येऊन लोह कुठे जातंय ते कळत नसेल, तर 'कोणती चाचणी करू' हा प्रश्न तुमच्यासाठी नाही. पोटविकारतज्ज्ञांना भेटा. ते बहुतेक वेळा दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपीच सांगतील.

स्क्रीनिंग ही वेगळी गोष्ट. कसलाही त्रास नसलेल्या माणसाने ठरावीक वयात करून घेतलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. मोठ्या आतड्यात ती विशेष उपयोगी पडते, कारण हा कॅन्सर बहुधा एका छोट्या कोंबापासून वाढतो. त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत तो सापडला आणि काढला, तर कॅन्सर होण्याआधीच खुंटतो. इतकी सवड देणारे कॅन्सर फार थोडे.

आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी वयाच्या तिशीपासून होते. मोठं आतडं त्यात नाही. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे डॉक्टर स्वतःहून प्रत्येकाला तपासणी सुचवत नाहीत. विषय आपणच काढावा लागतो. अमेरिकेत २०२१पासून ४५ ते ७५ वयोगटासाठी तपासणीची शिफारस आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी शौचाच्या चाचणीचा किट पोस्टाने घरी येतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी तो टपालाच्या ढिगात पडू देऊ नये.

घरात हा आजार असेल तर मात्र देश कोणताही असो, हिशोब बदलतो. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करायची आणि मग दर पाच वर्षांनी. वडिलांना ४६व्या वर्षी झाला असेल तर मुलांची पहिली तपासणी ३६व्या वर्षी. अनेक पिढ्यांत आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर होत आले असतील तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असू शकतो. त्यात तपासणी २० ते २५ वयापासूनच सुरू होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा होणारा आजार, असलेल्यांची वेळापत्रकं वेगळी, ती त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

आता चाचण्या. सगळ्यात सोपी आणि स्वस्त चाचणी शौचाची आहे, तिचं नाव फिट. ती शौचातलं डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त पकडते. पथ्य लागत नाही, औषध बंद करावं लागत नाही. अमेरिकेत ती दरवर्षी करतात. एका खेपेला ती साधारण चारपैकी तीन कॅन्सर पकडते. मोठे, धोकादायक पॉलिप मात्र चारातला जेमतेम एक. म्हणूनच ती दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करायची असते. एकदा केली आणि सुटलो, असं तिचं नाही.

नमुना घेताना होणाऱ्या चुका साध्याच असतात. शौच भांड्यातल्या पाण्यात पडायच्या आधी पकडायचं असतं. भारतीय संडासात त्यासाठी जाड कागद किंवा प्लॅस्टिक पसरावं लागतं. किटमधली काडी वरच्या थरावर चार-पाच ठिकाणी ओढायची आणि खाचेत जेवढं बसेल तेवढंच बाटलीत घालायचं. जास्त घातल्याने चाचणी जास्त चांगली होत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाटली गाडीत किंवा खिडकीत राहिली तर रक्तातला घटक विघटित होतो आणि निकाल खोटाच 'सामान्य' येऊ शकतो. त्याच दिवशी द्या, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. मासिक पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त पडत असताना नमुना घेऊ नका. पण रक्त पडतच असेल तर फिट करायचीच नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये 'ऑकल्ट ब्लड' नावाची चाचणी होते. ती जुन्या पद्धतीची आहे की फिट, हे विचारून घ्या. जुन्या पद्धतीला मटण, मुळा, फ्लॉवर चुकवतात आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या उलट्या बाजूने फसवतात, म्हणजे रक्त असूनही दिसत नाही. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात 'सीईए' नावाची रक्तचाचणी असते, तिचाही स्क्रीनिंगला उपयोग नाही. ती सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अनेकदा सामान्य असते आणि सिगारेट ओढणाऱ्यात कॅन्सर नसताना वाढलेली सापडते. 'सीईए नॉर्मल आली, म्हणजे आतडं ठीक' ही समजूत धोक्याची आहे.

अमेरिकेत शौचातला डीएनए तपासणारी चाचणी मिळते. ती दर तीन वर्षांनी करतात आणि ती फिटपेक्षा जास्त पकडते, पण खोटे इशारेही जास्त देते. २०२४मध्ये तिथे रक्तातून तपासायच्या चाचणीला मान्यता मिळाली. कॅन्सरसाठी ती बरी आहे, पॉलिप मात्र फारच थोडे पकडते, म्हणजे जो मूळ फायदा तोच हातून निसटतो. सीटी स्कॅनने आतड्याचं चित्र काढण्याचीही पद्धत आहे, दर पाच वर्षांनी. मोठे पॉलिप तीत चांगले दिसतात, पण आतडं धुण्याची तयारी तिथेही लागतेच आणि काही सापडलं तर दुर्बीण काही टळत नाही.

या सगळ्या चाचण्यांबद्दल एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवावी: त्यांपैकी कोणतीही पॉझिटिव्ह आली तर पुढचं पाऊल कोलोनोस्कोपीच. 'एकदा परत फिट करून बघू, ती निगेटिव्ह आली तर राहू दे' असं करू नये. कॅन्सरमधून रक्त रोज झिरपतंच असं नाही. दुसऱ्या दिवशीचा कोरा निकाल पहिल्याला खोटं ठरवत नाही. थेट कोलोनोस्कोपीच निवडली आणि ती स्वच्छ निघाली, तर सामान्य जोखमीच्या माणसाला पुढची दहा वर्षांनी.

आतडं धुणं म्हणजे नेमकं काय

कोलोनोस्कोपीत बोटाएवढ्या जाडीची लवचिक दुर्बीण गुदद्वारातून आत घालतात. सुमारे दीड मीटर लांबीच्या आतड्यातून ती उजवीकडच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत नेतात आणि मागे घेत घेत आतलं अस्तर तपासतात. शोधायचे असतात काही मिलिमीटरचे उंचवटे. उजव्या बाजूला तर काही पॉलिप उंचही नसतात. अस्तराशी सपाट चिकटलेले, त्याच रंगाचे, वर शेंबडासारखा पातळ थर. तिथे हिरवट पातळ मळ साचलेला असेल तर कितीही अनुभवी डॉक्टरांना ते दिसणार नाहीत. तुमची तपासणी किती खरी होईल, यातला मोठा वाटा तुमच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात ठरतो तो असा.

तयारी सुरू होते पाच-सात दिवस आधी. लोहाच्या गोळ्या तेव्हापासून बंद, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होऊन अस्तराला लेपासारखं बसतं. इसबगोलही बंद. ते फुगतं आणि दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतं.

शेवटचे दोन-तीन दिवस चोथा कमी करायचा. एरवी आपण ज्याला पौष्टिक म्हणतो ते नेमकं इथे अडतं: ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, मटकीची उसळ, मेथी, शेपू, काकडी, सालीसकट फळं. सगळ्यात वाईट बिया. डाळिंब, पेरू, अंजीर, टोमॅटो, तीळ, जवसाची चटणी, फोडणीतली मोहरी. हे पचत नाहीत, औषधानेही पूर्ण वाहून जात नाहीत, आणि डॉक्टरांनी पाणी मारून शोषून घ्यायचं म्हटलं तर एक बी नळी बंद करते. मध्येच चतुर्थी किंवा एकादशी आली तर उपासाचा फराळ हलका समजू नका. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट भरपूर असतं. त्याऐवजी मऊ पांढरा भात आणि गाळलेलं वरण, दहीभात, साल काढून उकडलेला बटाटा, इडली, मैद्याचा ब्रेड, उकडलेलं अंडं, चालत असेल तर मासा. तीन दिवस जीवनसत्त्वांची काळजी नको.

आदल्या दिवशी बहुतेक हॉस्पिटलं सकाळी हलका नाश्ता चालवतात आणि त्यानंतर फक्त पारदर्शक द्रव. काही ठिकाणी दुपारचा मऊ भातही चालतो. तुमच्या कागदावर असेल ते पाळा. पारदर्शक म्हणजे पेला उजेडात धरला तर पलीकडचं दिसलं पाहिजे. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणावरचं गाळलेलं पाणी, कोरा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, ओआरएस. दूध नाही, दुधाचा चहा नाही, ताक नाही. लाल-जांभळं काहीही नको, म्हणजे कोकम सरबत, सोलकढी, बिटाचा रस, लाल जेली सगळं बाद: आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

औषध कसं प्यायचं

आपल्याकडे नेहमी मिळतं ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं मोठं पाकीट: सुमारे १३७ ग्रॅम पावडर, २ लिटर पाण्यात विरघळवायची. ही पावडर शरीरात जवळजवळ शोषली जात नाही. ती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी आतड्यातून सरळ वाहत जातं. सोबतचे क्षार अशा प्रमाणात असतात की शरीरातलं मीठ-पाणी फारसं इकडचं तिकडे होत नाही. पाण्याचं माप चुकवायचं नाही ते म्हणूनच. एक लिटरच्या दोन बाटल्या आधीच मोजून ठेवा, पावडर घालून दाणा पूर्ण नाहीसा होईपर्यंत हलवा, आणि फ्रीजमध्ये ठेवा. साखर किंवा सरबताचा पाक घालू नका. आतड्यातले जिवाणू साखर आंबवून ज्वलनशील वायू तयार करू शकतात, आणि पॉलिप काढताना विजेची तार वापरतात. पूर्वी तयारीसाठी मॅनिटॉल दिलं जाई, ते या कारणासाठीच मागे पडलं.

काही ठिकाणी सल्फेटच्या छोट्या बाटल्या देतात. त्या पाण्यात सौम्य करून प्यायच्या आणि शिवाय जेवढं पाणी प्यायला सांगितलं असेल तेवढं मोजून प्यायचंच. ते वगळलं तर माणूस कोरडा पडतो. फॉस्फेटची औषधं मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, आणि वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंड कायमचं बिघडल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेने २००८मध्ये तसा कडक इशारा दिला.

आता सगळ्यात महत्त्वाचं: औषध दोन भागांत प्यायचं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या सकाळी. लोकांना हा दुसरा भाग जाचक वाटतो आणि 'रात्रीच सगळं संपवतो' म्हणतात. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरत राहतात आणि उजव्या भागावर पिवळा-हिरवा थर बसवतात, म्हणजे जिथे सपाट पॉलिप लपतात नेमकं तिथे. सकाळचा लिटर तो थर धुतो.

समजा तपासणी सकाळी १० वाजता आहे. आदल्या संध्याकाळी ६ वाजता पहिला लिटर सुरू करा: दर १५ मिनिटांनी पाव लिटरचा एक पेला. चार पेले, साधारण तासाभरात संपतात. पहाटे ४.३०ला उठून दुसरा लिटर, ६च्या आत संपवा. वर थोडं साधं पाणी चालेल, पण ८नंतर एक घोटही नको, कारण भूल देताना पोट रिकामं हवं. काही हॉस्पिटलं दोनऐवजी चार तास रिकामं पोट मागतात. मग सगळं तेवढं आधी सरकवा. तपासणी दुपारी असेल तर दोन्ही भाग त्याच दिवशी पहाटेपासून घ्यायची मुभा बहुधा मिळते.

चव खारट, किंचित साबणासारखी असते. गार केलं तर निम्मी जाते. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून ओढा आणि दोन पेल्यांमध्ये लिंबाची फोड चोखा. घुटका घुटका पीत बसू नका. पेला एका दमात संपवून मग थांबणं जास्त सोपं जातं, आणि धुणंही त्याच जोराने होतं. मळमळ आली, उलटी झाली तर अर्धा तास थांबा, थोडं फिरा, मग अंतर वाढवून पुन्हा सुरू करा. उलटीच्या गोळीची चिठ्ठी आधीच लिहून घेतलेली बरी.

साधारण तासाभरात पोटात गुडगुडतं आणि मग दार बंद करायलाही फुरसत मिळत नाही. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर त्याआधी बादल्या भरून ठेवा, हे किरकोळ वाटलं तरी फार कामाचं. कागदाने पुसू नका, पाण्यानेच धुवा, टिपून घ्या आणि पहिल्या जुलाबाच्या आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. आग होऊ लागल्यावर लावून तितका उपयोग नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर रात्री संडासाचा दिवा चालू ठेवा, आतून कडी लावू देऊ नका. या रात्री चक्कर येऊन पडणं हा खरा धोका आहे. गावाहून शहरात यायचं असेल तर औषध पिऊन एसटीत बसणं शक्यच नाही: आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम करा किंवा हॉस्पिटलमध्ये दाखल होऊन तयारी करता येईल का ते विचारा.

झालं का, हे भांड्यात बघून कळतं. आधी तपकिरी आणि गुठळ्या, मग तपकिरी पाणी, मग नारिंगी गढूळ, आणि शेवटी लघवीसारखं फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी. त्यात पिवळे तुकडे तरंगले तर काळजी नाही. सकाळचा लिटर संपूनही पाणी तपकिरी येत असेल तर हॉस्पिटलला फोन करा, लपवू नका. अजून काही देऊन किंवा वेळ पुढे नेऊन तपासणी वाचवता येते. तीन तासांत एकदाही शौचाला झालं नाही, पोट ताणलं आणि कळा येऊ लागल्या, तर औषध थांबवा आणि लगेच कळवा. आत अडथळा असू शकतो. नेहमीच बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी ते आधीच सांगावं. त्यांना दोन-तीन दिवस आधीपासून जादा औषध लागतं.

रोजच्या गोळ्या

यात स्वतःचं डोकं चालवू नका, पण प्रश्न मात्र स्वतःहून विचारा. मधुमेहात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा साखर सामान्य दिसत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या द्रवाहाराच्या दिवशी साखर खाली पाडतात, इन्शुलिनचा डोस बहुधा कमी करावा लागतो. ग्लुकोमीटर जवळ ठेवा. साखर खाली गेली तर साखरेचं लिंबूपाणी हेच औषध. वजनासाठी किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी आणि किती दिवस थांबवायच्या, की चालू ठेवायच्या, हे हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्टेंट बसवलेला असताना त्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं. रक्तदाबाची गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घेता येते, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारा.

तपासणी आणि त्यानंतर

शिरेतून गुंगीचं औषध देतात, डाव्या कुशीवर झोपवतात, अर्धा-पाऊण तास जातो. सोबत माणूस हवाच. चोवीस तास गाडी चालवायची नाही, कागदपत्रांवर सह्या करायच्या नाहीत. पोट फुगल्यासारखं वाटतं ते हवेमुळे, ती सोडायला लाजू नका. आतड्याला छिद्र पडणं ही सगळ्यात गंभीर गुंतागुंत, पण ती हजारात एकापेक्षाही कमी वेळा होते. पोट कडक होऊन दुखणं, ताप, भरपूर रक्त यांपैकी काही झालं तर थेट इमर्जन्सीत जा. पॉलिप काढला असेल तर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, म्हणून त्या काळात लांबचा प्रवास ठेवू नका.

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे उजव्या टोकापर्यंत पोहोचली का. स्वच्छतेचा बॉस्टन स्कोअर किती: उजवा, मधला आणि डावा अशा तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात, आणि प्रत्येक भागाला किमान २ हवेत. आणि काढलेल्या पॉलिपांची संख्या, आकार. स्कोअर कमी असेल तर 'काही सापडलं नाही' याला फारसा अर्थ नाही. वर्षभरात पुन्हा तपासणी करावी लागते. स्कोअर चांगला आणि एक-दोन छोटे, १० मिलिमीटरपेक्षा लहान साधे अ‍ॅडिनोमा (पुढे बिघडू शकणाऱ्या जातीचे पॉलिप) निघाले असतील तर पुढची तपासणी साधारण सात ते दहा वर्षांनी. १० मिलिमीटर किंवा मोठा, अथवा पाच ते दहा निघाले तर तीन वर्षांनी. बायोप्सीचा कागद यायला बहुधा काही दिवस लागतात आणि पुढची तारीख त्यावरच ठरते, तेव्हा तो घ्यायला जा, डॉक्टरांकडून तारीख लिहून घ्या आणि दोन्ही कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. भाऊ-बहिणींना आणि मुलांनाही कळवा. काय निघालं त्यावरून त्यांची तपासणी कधी सुरू करायची ते ठरू शकतं.